करंजाची मापं

असोग्याच्या फाट्यावर एकच करंज,
त्याच्या सावलीत माझं पायमशीन.
बैलहोंगलहून नीलगंगा यायची दर गुरुवारी,
कॉलेजची वही घेऊन.
ती होंगे म्हणायची, मी करंज.
पानं मोजायची होती तिला.
खुणेला दोरा मागितला, मी संपत आलेली रिळं दिली:
लाल, पोपटी, एक जरीचं.

सतरा वर्षं ही पानं माझ्या कापडावर पडत होती,
मी झटकत होते.
आता बघितलं तर
एकूण एक कुणीतरी बेतलेलं.

एक अळी कोवळं तांबूस पानच घेते,
कड दुमडून तोंडातल्या धाग्यानं कच्ची टीप घालते,
आणि आत बसून शिवण खाते.

एक शिरते कापड आणि अस्तराच्या मधे.
वरची साल शाबूत, खालची शाबूत,
मधे नुसता पांढरट फोड.
तेवढ्यात तिचं उभं आयुष्य.
उभं कसलं, आडवंच.

एकीनं टोकाची शीर तेवढी राखली,
दोन्हीकडची लक्तरं वाळवून टांगली,
आणि त्यांत लक्तर होऊन बसली.
नीलगंगाला तासभर सापडली नाही.
मला सापडली. मला चिंध्यांची सवय.

निबर पानांवर हिरव्या मण्यांचं भरतकाम.
करणारे भिंगातून दिसले: पाय चारच.
कीटक नव्हेतच म्हणे ते,
पण पंगतीला आहेत.

मी म्हटलं, शहाणी की गं ही सगळी,
एका ताग्यात भागवतात, भांडण नाही.
ती मोडक्या मराठीत म्हणाली,
'अक्का, तसं नव्हे.
दुसऱ्याचं तोंड पोचलं नाही तिथं जे बसलं, ते राहिलं.
बाकीचं मेलं.'

श्रावणात लाइनमन आले,
तारेला लागणारी फांदी उतरवली.
लाल, पोपटी, जरीचं, सगळं एका ढिगात.
दोन दिवस ढिगात खाणं चालूच होतं.
तिसऱ्या दिवशी पानं कडकडली,
अळ्या उतरून चालायला लागल्या,
दोन माझ्या पायट्यावर चढल्या.
अस्तरातलीला
चालता येत नव्हतं.

भाद्रपदात त्या खोडव्याला कोंब फुटले, अवेळी.
नीलगंगाची परीक्षा.
मापवहीच्या मागच्या पानावर मीच लिहिते,
छाती, कंबर, बाहीच्या पाठीमागं:

गुरुवार. पानं एकोणीस.
दुमडलेली अकरा. फोड तीन. लक्तरं एक.
मणी अजून नाहीत.
कोरी तीन.
एका पानावर दोघी,
एक देठाकडून येतेय, एक टोकाकडून.
मधे दीड इंच, टेप लावून बघितलं.
दुपारी सव्वा.

हौसाक्का ब्लाऊजला येऊन उभी,
'झाला काय गं?'
थांब की, म्हटलं,
जरा थांब.