दोन तंबू, एक सिनेमा

पिंपळखुट्याच्या तंबूत गाडी सुटायची साडेनवाला,
सावळीच्या तंबूत तीच गाडी साडेदहाला.
मधलं कोसभर अंतर माझं.
कॅरिअरला सुतळीनं बांधलेले दोन-दोन पत्र्याचे डबे,
डब्यांत झुंबरं, मखमली पडदे, लोकरी गळ्याची एक बाई
आणि एक खून.

सिनेमा गोऱ्यांचा. दाराशी पाटीवर खडूनं लिहिलेलं :
'आगगाडीतला हेर. मारामारी भरपूर.'
मारामारी एकच होती, तीही अंधारात.
लतीफभाई मशीनमागून ओरडून अर्थ सांगायचा,
त्याला इंग्रजी यायचं ते एवढंच : यस, नो, पासपोर्ट.

मी पाहिला तो असा :
रीळ संपतानाची पाच मिनिटं इकडं,
रीळ लागतानाची पाच मिनिटं तिकडं.
काचेच्या पेल्यात काहीतरी पडलं ते दिसलं.
पेला ओठांना लागला तेव्हा मी
पऱ्हाटीच्या धुऱ्यावर उतरलेली चेन चढवत होतो,
हात काळे, मागं कुत्री.

एका खेपेला पुनाजीचं फाटक बंद.
लहान गाडी आली, लाकडी बाकांची,
चालत्या माणसाला ओळख देत जाणारी.
आत विड्या, एक शेळी,
आणि कंदील मांडीवर घेऊन बसलेला टोपीवाला.
त्यानं माझ्या डब्यांकडं पाहिलं.
मी उगाच दुपट्टा टाकून ते झाकले.
"काय हाय बे त्यात?" पुनाजी म्हणाला.
"आगगाडी."

सावळीला कनातीशी पोट्टे टपलेलेच.
"सांग ना बे, हेर कोण हाय?"
मूठभर भुईमुगाच्या शेंगा. मग दोन मुठी.
मला कुठं ठाऊक होतं!
पण इतकं वजन वाहून आणलेल्या माणसानं
माहीत नाही असं कसं म्हणावं?
"वेटर," मी म्हटलं, आणि शेंग फोडली.

तंबूभर गेलं ते, पेटत्या विडीसारखं, हातोहात.
मग बिचारा वेटर ट्रे घेऊन आला की शिट्ट्या.
त्या बाईपुढं वाकला की बायांच्या बाजूनं
वच्छलाबाईचा आवाज :
"पेऊ नोको वं माय!"

शेवटचे डबे कवडू ऑपरेटरच्या हाती दिले
आणि तिथंच, रिकाम्या झाकणांवर डोकं टेकून झोपलो.
खटखट खटखट.
गाडी कुठंतरी पोचली असणार.

सकाळी तंबूच्या जागी खुंट्यांची भोकं.
"कोण निघाला हेर?"
एकाला विचारलं, मग दुसऱ्याला,
मग ज्याला रात्री जागाच मिळाली नव्हती त्या महादू चहावाल्याला.
सगळे हसले.
"तू सांगतलं तोच ना बे!"

पन्नास वर्षं होत आली.
लग्नाच्या मांडवात अजून
पांढऱ्या हातमोज्याचा कुणी पोऱ्या ट्रे घेऊन वाकला
की मी आधी त्याच्या डोळ्यांत पाहतो.
तो गोंधळतो. "घ्या ना काका, सरबत हाय."
मला त्याची माफी मागावीशी वाटते.
कशाची, ते सांगता येत नाही.
घेतो.