कागदावरची थोरली

सेसुघ माझ्याआधी तीन वर्षांनी जन्मला.
आई मला पाठीला बांधून बाजाराला निघायची
तेव्हा हा पुढं पळायचा, संत्र्याला लाथा घालत.
संत्रं फुटलं की तिथंच बसून रडायचा.

डिसेंबरात बेनुए नदी आक्रसते,
मधलं वाळूचं बेट वर येतं.
हरमॅटनची धूळ अशी की पलीकडचा गोल
फक्त आरड्यावरून कळायचा.
बुटांची जोडी दोघांत एक:
उजवा ओर्दुएनला, डावा याला.
म्हणून हा डावखुरा.
लोक म्हणतात देणगी. मी म्हणते वाटणी.

मग लागोसहून एजंट आला,
पांढरे बूट सांभाळत, चिखल नसतानाही.
खेळ बघून म्हणाला,
पोरगा उत्तम आहे, फक्त जरा लवकर जन्मलाय.

कचेरीत शपथपत्र झालं.
आईनं सही केली, शिक्का पडला
आणि सेसुघ चार वर्षं उशिरा जन्मला.
मी त्याच संध्याकाळी त्याची थोरली बहीण झाले.
आई म्हणायची, याच्यासाठी दोनदा बाळंत झाले मी,
दुसऱ्यांदा खुर्चीवर बसून.

बेल्जियमच्या त्या गावात
त्याचा अठरावा वाढदिवस केला क्लबनं.
हा बावीस पुरा.
फोनवर म्हणाला, केक बरा होता,
मेणबत्त्या चार कमी.

एकशे त्र्याऐंशी सामने.
तीन गोल, त्यातला एक आपल्याच जाळ्यात.
देशाची हिरवी जर्सी एकदाच मिळाली,
बाकावर बसून आली, घामाचा डाग नसलेली.
आईनं ती तरीही धुतली,
तारेवर रस्त्याच्या बाजूला वाळत घातली
आणि तीन दिवस काढली नाही.

मग गुडघा.
डॉक्टरनं फिल्म उजेडाला धरली,
म्हणाला, एकोणतीसच्या मानानं फार म्हातारा आहे हा.
सेसुघ म्हणाला,
आमच्याकडे गुडघे आधी जन्मतात.
डॉक्टर हसला नाही. त्याला भाषा येत होती,
विनोद नाही.

परत आला तो दोन सुटकेस आणि एक शिट्टी घेऊन.
प्रशिक्षकाच्या कोर्सचा फॉर्म भरताना
मला फोन: थोरले, कुठली तारीख लिहू?
बँकेतली मुलगी कागद बघून म्हणाली,
तुमचा धाकटा भाऊ तुमच्याहून थकलेला दिसतो.
म्हटलं, लांबून आलाय.

आता सकाळी सहाला तो वाळूवर असतो.
पाण्याच्या रिकाम्या पिशव्यांत वाळू भरून
खुणेला मांडतो, त्यांच्यामधून पोरं नागमोडी धावतात.
ओरडतो: चेंडूकडे बघू नको, तो कुठं जात नाही.
मोकळ्या जागेकडे बघ, ती जाते.

मागल्या मोसमात एक बाई आली,
डोक्यावर दोन याम, हाताला तेर्वासे.
पंधराचा. ओठावर लव.
म्हणाली, बारा लिहा, तुमचंही लिहिलं होतं ना कुणीतरी.

मी जेवणाचा डबा घेऊन उभी होते.
पेन बराच वेळ हवेत.
मला वाटलं, आता हा माझ्याकडे बघेल.
बघितलं नाही.
पंधरा लिहिलं, आकडा नव्हे, अक्षरात.
बाईनं याम उचलले, मुलगा उचलला.

महिन्यानं कळलं, पुलापलीकडच्या अकादमीत
तेर्वासे बारा वर्षांचा आहे
आणि त्याच्या वयात त्याला तोड नाही.

सेसुघ त्या दिवशी पोरांना लवकर सोडून
एकटाच पिशव्या गोळा करत बसला.
वाळू ओतायचा, पिशवी झटकायचा, पुन्हा भरायचा.

पण रविवारी अंधार पडता पडता
पूल ओलांडून एक पोरगा येतो,
चपला हातात.
सेसुघ त्याला उतरताना गुडघा कसा वाकवायचा ते दाखवतो,
आधी चांगला गुडघा, मग दुसरा.
पोरगा विचारतो, दुसऱ्याला काय झालं?
तो म्हणतो, काही नाही.
त्याचं वय झालं.