तिसरी किल्ली

फणसाखाली अकरा जण.
त्यांत चालणारा डोळा एकच, बालुकूचा,
तोही उन्हात मिटलेला.

मधोमध पत्र्याची पेटी.
तीन कुलपं, तीन घरांत तीन किल्ल्या.
काबुघोची तिच्या कमरेला,
अंघोळीलाही सुटत नाही.

नोट ती तळहातावर अंथरते,
मनगटाच्या शिरेपासून.
नखाच्या अलीकडे संपली तर हजार,
नखाला टेकली तर पाच.
दुकानदाराला हे कळलं
त्या दिवसापासून तिच्या मिठाचं वजन भरू लागलं.

आज कासेसेहून साहेब आलेत, कर्जाचे कागद घेऊन.
शाईची डबी उघडतात, सवयीनं तिचा अंगठा धरतात.
ती अंगठा मुठीत ओढून घेते.
"ह्याच अंगठ्यानं दिरानं
माझी केळीची बाग नेली.
पेन द्या."

पुठ्ठ्यात कापलेली बोटभर खिडकी
तिनं घरूनच आणलीय.
ती कागदावर ठेवते, कडा चाचपते,
आत पेन चालू लागतं.
एक अक्षर दुसऱ्याच्या पाठीवर चढतं,
शेवटचं खिडकीबाहेर पडतं.
ती परत पहिल्यापासून.

साहेब घड्याळ बघतात.
बाही सरकली की तिचाही आवाज होतो,
हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

"घाई असेल तर तुमची सही आधी उरका,"
काबुघो मान वर न करता म्हणते,
"पेटी काही आत्ता उघडत नाही.
तिसरी किल्ली म्बाम्बूकडे,
आणि म्बाम्बू पोळ्यावर गेलीय, मध काढायला."

साहेब उभेच.
चटईवर कुणीतरी सरकतं,
जागा होते,
बरोबर त्यांच्याएवढी.