पसंतीक्रम

मल्हारगंजातल्या कियोस्कवर
माझ्यापुढे सातजणी.
प्रत्येकीच्या हातात तीच प्लास्टिकची पिशवी,
आत समग्र आयडी, जन्माचा दाखला, बापाच्या कमाईचा कागद,
आणि ओठांवर, घरून पाठ करून आणलेला
एक ते दहा असा क्रम.
नर्सरीच्या मोफत जागा. शेवटची तारीख उद्या.

शेवेच्या कारखान्यातून अर्धी सुट्टी घेऊन आलेय.
नखांत तिखट. पोरगा म्हणतो, दीदी, स्क्रीनला हात नको.
मी नुसतं बोलायचं.
तो दाबणार.

तीन रविवार हिंडले मी या शाळा.
कुलूप असलं की शाळा खरं बोलतात.
फाटकाच्या फटीतून दिसतं
नळ किती उंचीवर आहे,
संडासाच्या दाराला कडी आहे की सुतळी,
झोपाळ्याखालची माती
पायांनी घासून खोलगट झालीय
की झोपाळा नुसता फोटोपुरता.

शिवन्या साडेतीन वर्षांची.
स्वतःचं नाव शिन्या सांगते.
कुठल्या रस्त्यावर किती वेळा "उचल" म्हणते, ते मोजलं:
पिवळ्या इमारतीपर्यंत एकदाही नाही,
नाल्यापलीकडच्या शाळेपर्यंत दोनदा,
मोठ्या फाटकाच्या शाळेला निघालो तर
बडा गणपतीच्या चौकातच फतकल मारली.

नवऱ्याला तीच हवी. मोठ्या फाटकाची.
ई-रिक्षातून रोज सोडतो तिथं
लोकांची सहा मुलं.
गार्ड मोटारींना सलाम ठोकतो,
याला म्हणतो, आगे ले, आगे ले.
"एकदा आपली पोर आतून हात करेल ना,"
दिगंबर म्हणतो,
आणि पुढचं वाक्य कधीच पुरं करत नाही.

नणंद म्हणते, भारीतली पहिली टाक,
दुसरी टाकलीस की कॉम्प्युटर रुसतो.
शेजारच्या मेहरुनबी म्हणतात, काहीही लिही,
चिठ्ठी वरूनच निघते.
अंगणवाडीच्या कलावतीबाई काहीच म्हणत नाहीत.
त्यांची खोली या यादीतच नाही,
जिथं शिन्या रोज जाते,
जिथल्या खिचडीचा वास फ्रॉकला लावून येते.
त्यांनी फक्त विचारलं,
जुलैपासून नाही येणार का मग?

माझा नंबर.
"माध्यम?" पोरगा यादी उघडतो.
हिंदी आहे. इंग्रजी आहे.
एक दोन तीन चार शिकवलंय मी तिला
पुड्या मोजता मोजता.
म्हटलं, जे असेल ते.
इतकं चटकन म्हटलं
की माझं मलाच नंतर ऐकू आलं.

पहिली, मोठं फाटक. दुसरी. तिसरी.
नववीपर्यंत पोचलो आणि लाईट गेली.

आली तेव्हा स्क्रीनवर लाल अक्षरं:
सत्र समाप्त.
"फिर से बोलो दीदी, वही वाला."
मागच्या बायका उसासल्या.

तेच सांगायला तोंड उघडलं
आणि आठवला पिवळ्या इमारतीचा म्हातारा चौकीदार.
रविवारीही बसलेला.
कोण, कशाला, असं काही न विचारता
शिन्याच्या सँडलचा सुटलेला बंद
त्यानं वाकून लावून दिला.
गुडघा कटकन वाजला त्याचा.
शाळा कशी आहे मला ठाऊक नाही.
एक गुडघा ठाऊक आहे.

"पक्का?" पोरग्यानं विचारलं.
बटणाचा आवाज केवढासा.

रात्री रिक्षा चार्जिंगला लावून आला,
हात न धुताच म्हणाला:
पहिली कुठली टाकलीस?
मी पोळी उलटली.
म्हटलं, तीच.

पावती रेशनकार्डाच्या कव्हरात आहे.
सोडत मंगळवारी.