पाटीवर मावेल तेवढं

सकाळी साडेसातला मी कालची तारीख पुसते.
डंडीत अजून उजाडलेलं नसतं.
आज: शनिवार. हवा: वारा. नाश्ता: लापशी.
खाली एक ओळ मोकळी,
'आजच्या दिवशी'.

ऱ्होनाबाईंचा नियम आहे, आनंदाचंच लिहायचं.
म्हातारी माणसं आहेत, उगाच झुरत बसतात.
म्हणजे पूल लिहायचा नाही.

पूल तर समोर खिडकीतच आहे.
त्याच्या कडेकडेने टे नदीतून डोकं काढलेले
पहिल्या पुलाचे बुंधे,
पडलेल्या दातांची मुळं राहावीत तसे.
अठराशे एकोणऐंशी, रविवार, रात्रीचे सव्वासात,
वादळ, आणि मधले गाळे गाडीसकट खाली.
माणसं नक्की किती, ते अजून ठरत नाही.
इंजिन मात्र वर काढलं, दुरुस्त केलं, परत जुंपलं.
लोक त्याला पाणबुड्या म्हणायचे.

मी आणखी शोधते.
एका तारखेत बसलेली माणसं एकमेकांना ओळखत नाहीत,
दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी.
मुंबईत बहात्तर जण जमले, काँग्रेसची पहिली बैठक.
भरायची होती पुण्यात, पण पुण्यात पटकी आली.
पॅरिसला कॉफीहाउसच्या तळघरात
एकेक फ्रँक मोजून लोकांनी पाहिलं:
कारखान्याचं दार उघडतं, बायका बाहेर पडतात,
संपलं.
आणि फार फार आधी इटलीत कुणी दुर्बिणीतून
नेपच्यून पाहिला,
साधा तारा समजून टिंब दिलं, पान उलटलं.

मी बायकांचं लिहिलं. तेवढंच नियमात बसतं.

नेटी लामंडची खुर्ची पाटीपुढे थांबते.
एक्क्याण्णव वर्षांची, त्यातली बत्तीस तागाच्या गिरणीत.
कान तिथेच ठेवून आली. ओठ वाचते.
मलाही येतं ते. इचलकरंजीत आमच्या भिंतीपलीकडे
माग खडखडायचे तीन पाळ्या,
बाबा जेवताना मीठसुद्धा ओरडून मागायचे.

"पूल कुठाय?" नेटी विचारते.
मी ऱ्होनाबाईंच्या केबिनकडे बोट करते. ती नाक मुरडते.
"बरं, मग माझं लिही.
त्रेपन्न साल, सोमवार. नाताळची सुट्टी बिट्टी नव्हती तेव्हा.
शेपटा पट्ट्यात जाता जाता वाचला.
जेवणाच्या सुट्टीत तागाच्या कात्रीने
कापूनच टाकला मी. इथून.
घरी आई आठ दिवस बोलली नाही."
आणि मानेवरून असा हात फिरवते
जसा वारा आताच लागला.

मी लिहिलं. सिनेमाच्या खाली, जरा तिरकं.

माझंही एक आहे आजचं. ते मी कुठेच लिहीत नाही.
भाऊ फोनवर म्हणाला, अगं, बाबांचं श्राद्ध झालं की बुधवारी,
वद्य चतुर्दशी यंदा नाताळात पडली.
गेल्या खेपेला तर ती जानेवारीत गेली होती.
तारीख खुंट्याला बांधलेली, तिथी चरायला सुटलेली,
आणि मी इथे खुंट्यापाशी,
हातात दावं नाही की गाय नाही,
मार्कर आहे. निळा.

नेटी बघत होती. मी आवाज न काढता
मराठीत म्हटलं, आज माझे बाबा गेले.
ओठ वाचून तिला काय कळलं असेल? मराठीतलं एक अक्षर नाही.
तिने माझी बाही धरली, आणि गिरणीतल्या खुणेने
दोन बोटं कपाळाला, मग खाली.
त्या खुणेचा अर्थ मी अजून विचारलेला नाही.
जेवायची वेळ झाली, एवढाच असेल.

रात्री दहाला पाटी पुसली.
शेपटा शेवटी पुसला. थोडा राहिला.
पुलावरून फाइफकडे गाडी गेली, डब्यांत उजेड,
बुंध्यांशेजारून.
नेटी जागीच होती. अंधारातून विचारते:
"उद्या काय झालं होतं?"