वातीचा पीळ

सोडा घालून रात्रभर भिजवल्या बरण्या,
तरी एकीचं लेबल सुटत नाही.
शेंगा चटणी, पाव किलो,
आणि कोपऱ्यात अर्धी फाटलेली मिरची.
स्रवंती नखानं खरवडते, मग सोडून देते.
"नायना, ही बाजूला ठेवा. हिचा वास जाणार नाय."

साखर पेठेतल्या आमच्या पुढच्या खोलीत
दोन माग होते.
आता शेगडी आहे, वजनकाटा आहे,
पातेल्यात पातेलं, मधे पाणी.
फरशीतली बोल्टांची भोकं बुजवली सिमेंटनं
तरी अनवाणी पायाला कळतात.
माग गेले किलोच्या भावानं.
धोटे तेवढे भंगारवाल्यानं परत दिले,
म्हणाला, "हे तर लाकूड आहे, मामा."

मेण वितळताना मी बघत बसतो.
आधी कडा सुटतात.
मधला खडा मात्र तरंगत राहतो बराच वेळ,
स्टँडवर कुणाला सोडायला आलेला माणूस
गाडी गेल्यावरही उभा असतो, तसा.
काचेला आधी ऊब द्यायची.
गार बरणीत गरम ओतलं की तडा:
हे मला चार बरण्या फुटल्यावर कळलं,
तिला मोबाईलवर आधीच.

वाती माझ्याकडे आल्या.
"सुताचं तुम्हालाच कळतं," म्हणाली.
मी तीन पदर घेतले, मांडीवर पीळ दिला,
हाताला सवय होती तसा.
चौतीस वर्षं एवढंच तर केलं,
तुटू दिलं नाही.
धागा तुटला की माग थांबणार,
माग थांबला की आठवड्याचा पगार कमी,
म्हणून गाठ अशी मारायची
की टॉवेल पुसणाऱ्याच्या तोंडाला लागू नये.

पहिली वात पेटली, धुरकटली,
मेणात मान टाकून विझली.
दुसरीही.
"किती आवळता, नायना?
मेण वर चढायला जागा नको का?
ही टिकवायची नाय. जळायची आहे."
मी उठलो, रांजणातलं पाणी प्यालो.
पलीकडच्या बोळात बुरांचे माग चालू होते,
खटक खटक, खटक खटक.
अजून एक भांडं प्यालो.

नागमणी मांडीवर सूप घेऊन
विड्या वळत होती, वर न बघता बोलली,
"सैल वळली तर विडी छाटात जाते,
घट्ट वळली तर ओढत नाय.
हे मला विचारायचं ना."
आणि माझ्या हातातलं सूत घेऊन
दोन बोटांत असं काही फिरवलं
की मला अजून जमलेलं नाही.

मे महिन्यात पुण्याच्या एका बाईनं
चाळीस मागवल्या, लव्हेंडरच्या.
बाहेर चव्वेचाळीस डिग्री.
रात्रीचे दोन वाजले तरी मेण गोठेना,
बरण्यांना ओले टॉवेल गुंडाळून
तिघंही पंख्याखाली बसलो,
तापलेल्या लेकरांजवळ बसावं तसे.
सकाळी बघतो तर प्रत्येकीत
वातीभोवती खड्डा.
परत वितळवा, परत ओता.

लव्हेंडर आमच्यात कुणी पाहिलेलं नाही,
बाटलीतून आलं. नागमणी म्हणाली, दवाखाना.
मी सहज म्हणालो,
"खळीचा वास मिळतो का गं बाटलीत?
ताज्या खळीचा, सूत उन्हात वाळत असतं तेव्हाचा?"
स्रवंती हसली.
मग हसू थांबवून म्हणाली,
"घेणार कोण तो, नायना?"
बरोबर आहे. मीही नसता घेतला.

चाळीस गेल्या. तळाला उरलेलं मेण
त्या चटणीच्या बरणीत ओतलं,
वास न घालता, वात वाकडी.
परवा रात्री लाईट गेली
तेव्हा तीच हाताला लागली.
पंखा थांबला, बुरांचे मागही थांबले,
एवढी शांतता की
नागमणीची मोजणी ऐकू येत होती:
तेवीस, चोवीस, पंचवीस, कट्टा.
मेण पातळ झालं, आणि हळूहळू
काचेतून वर आला लसूण, तिखट, भाजला शेंगदाणा.
कुणी काही बोललं नाही.
मग स्रवंती अंधारातच उठली,
डब्यात कडक भाकरी आहे का बघायला.