दोन-सहाचं माप

आधी डोळ्यांवर आली.
झोपेतून उठल्यावर येते तशी, दुपारपर्यंत उतरेल अशी.
उतरली नाही.
मग जबड्याखाली, दोन्हीकडं,
भिजलेल्या सुपारीएवढी एकेक.
दुखत नव्हती, हेच वाईट.
दुखलं असतं तर कुणी विचारलं असतं.

मी कासारीण. मोंढ्याच्या तोंडाशी दुकान, चार हात रुंद.
एकतीस वर्षं दुसऱ्यांचे हात दाबत बसले.
अंगठा आत दुमडायचा, गादी चेपायची,
हाडाला कळायच्या आत काच पलीकडं न्यायची.
कुणाला दिवस गेलेत, कोण रात्रभर रडलंय,
पंजा धरला की कळतं मला.
स्वतःच्या गळ्याला हात लावला
तर काही कळेना.

आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत,
वाढली म्हणतात.
म्हणून डॉक्टर "गाठ वाढली" म्हणायचे
तेव्हा मला दर वेळी काच ऐकू यायची.

परळीच्या डॉक्टरनं गालगुंड म्हटलं. या वयात?
येतं कधी कधी.
लातूरच्या दातवाल्यानं दोन दाढा काढल्या,
चांगल्या होत्या.
गाठीत टीबी असेल म्हणून सहा महिने गोळ्या,
लघवी शेंदरी, तोंडात लोखंड,
सूज मात्र भाडं भरून राहिल्यासारखी.
जाऊबाईंनी मीठमोहऱ्या उतरल्या, त्या तडतडल्या पण.
एकानं कागदावर एक शब्द लिहिला
आणि ह्यांना तेवढं बाहेर बोलावलं.
त्या रात्री ह्यांनी न बोलता
दुकानातला सगळा माल मोजला.

बँकेतला पोरगा आधार कार्ड बघून म्हणाला,
मावशी, ह्या तुम्ही न्हाईत.
मी म्हणलं, मला बी तसंच वाटायलंय.

अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात
एक नवी पोरगी होती, डॉक्टर तहसीन.
गळा चाचपला, पापणी उलटी करून बघितली,
म्हणाली, जुने फोटो आहेत का?
मला वाटलं थट्टा.
मंगळवारी पिशवीभर घेऊन गेले:
नणंदेचं लग्न, पोराची बारावी, रेशन कार्ड,
चुलत सासऱ्यांच्या तेराव्याचासुद्धा.
तिनं ते सालवार मांडले, पत्ते मांडावेत तसे,
आणि एकावर बोट ठेवलं.
इथं.
चार वर्षांपूर्वी, मंजुळाच्या डोहाळजेवणात,
डाव्या पापणीवर, मी हसताना.
त्या दिवशी पन्नास बायकांना हिरवा चुडा भरला होता मी.
कुणी बघितलं नाही. मी पण नाही.

गाठीचा तुकडा काढला, तुरीच्या दाण्याएवढा.
तो काचेवर आला तेव्हा
तिनं मला दुर्बिणीला डोळा लावायला लावला.
जांभळं रान, ठिपकेच ठिपके,
आणि मधून धागे, वाकलेले,
एकमेकांच्या खालून वर.
चटईची वीण आहे बघा, ती म्हणाली.
शिंदीच्या चटईची. आईकडं बाळंतिणीला अंथरायचे ती.
कुठं काही लागलेलं नाही, म्हणाली,
तरी तुमचं अंग खपली धरायलंय.

नाव लांब, इंग्रजी, शेवटी चारचा आकडा.
ह्यांनी दोनदा विचारलं, कॅन्सर न्हाई ना?
नाही.
मग जाईल?
उतरेल, ती म्हणाली, जाईल असं नाही.
कागद घडी करून मी दोन-सहाच्या डब्यात ठेवला.

नवव्या दिवशी आरशात जबडा दिसला,
माझा, आईसारखा टोकदार.
महिन्याभरात त्याच गोळ्यांनी गाल भरले,
साखर वाढली, मनगटं जाड झाली.
(इथं वाढली म्हणजे वाढलीच.)
बाया म्हणतात, तब्येत सुधारली बघा.

माझं माप दोन-चार.
सध्या दोन-सहा घालते.
जुन्या दोन-चारच्या विकल्या नाहीत,
वरच्या फळीवर आहेत, दोऱ्यात.
दर सोमवारी दुकान उघडलं की
एक काढून अंगठ्याच्या गादीपर्यंत आणते
आणि थांबते.